काचेच्या भांड्यातलं रक्त

तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. टेक्ससच्या सीमेवरच्या त्या गावात, टायरच्या दुकानामागे सैतान उतरवणाऱ्या ब्रदर अब्दियासने मुक्काम ठोकला होता. झपाटलेल्याने हात बुडवले की ब्रदरच्या काचेच्या भांड्यातलं पाणी लाल व्हायचं, सैतानाचं रक्त. वर आशीर्वादाचं पाणी ओतलं की लाली गायब, सैतानही गायब.

एकोणीस वर्षांच्या मारिसेलाला हिवाळ्यापासून आवाज ऐकू येत होते. खोलीत कुणी नसताना दोन माणसं तिची निंदा करत. कॉलेज सुटलं, झोप उडाली. शेवटी तिनं स्वतःच फोन करून गावातल्या मानसिक आरोग्य केंद्रात मंगळवारची वेळ घेतली. आई ओफेलिया म्हणाली, "आधी ब्रदरकडे चल. त्या केंद्रात गेलीस की वेडी म्हणून कायमचा शिक्का बसेल."

तंबूत अब्दियास रंगात आला होता. "सैतान डॉक्टरांच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातो, आणि वर आणखी मागतो."

लोक हसले. मदतनीस बाईनं ओल्या टॉवेलने मारिसेलाचे हात पुसले. हात बुडले, पाणी लालभडक झालं. ओफेलिया प्रार्थना पुटपुटू लागली.

मारिसेला मात्र पाण्याकडे बघत राहिली. दोन उन्हाळे तिनं नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर काम केलं होतं. पाणी तपासायला ते नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात सोड्यासारखा खार जास्त असला की ते असंच लाल व्हायचं. आणि तिची बोटं आत्ता बुळबुळीत लागत होती, धुण्याच्या सोड्यानं लागतात तशी.

"दुसरं भांडं भरा," ती म्हणाली.

"हा सैतान बोलतोय," अब्दियास म्हणाला.

"असेल. तरी भरा."

पुढच्या रांगेतले म्हातारे मेकॅनिक युसेबियो उठले. "भरा की, ब्रदर. खरं असेल तर बिघडतं काय?"

भांडं भरलं. मारिसेलाच्या सांगण्यावरून ओफेलियानं न पुसलेले हात बुडवले. पाणी तसंच राहिलं. मग मारिसेलानं मदतनीस बाईच्या बादलीतून कुणालाही न लागलेला टॉवेल काढला आणि त्याच पाण्यात सोडला. पाणी लाल.

"टॉवेललाही झपाटतो का हो सैतान?"

अब्दियास गर्दीकडे वळला. "हिला नसलेले आवाज ऐकू येतात. हिच्यावर विश्वास ठेवणार तुम्ही?"

"येतात," मारिसेला म्हणाली. "आत्ताही येतायत, गप्प बस म्हणतायत. पण ते एकट्या मला ऐकू येतात. हे पाणी तुम्हा सगळ्यांना दिसतंय. रंग बदलणारं औषध पाण्यात आधीच आहे, सोडा टॉवेलात. वरून काहीतरी आंबट ओतलं की लाली जाते."

युसेबियोंनी आशीर्वादाची बाटली हुंगली. "व्हिनेगर," ते म्हणाले, आणि टोपी घालून बाहेर पडले. त्यांच्यामागून तंबू रिकामा होत गेला.

मंगळवारी ओफेलिया तिच्याबरोबर केंद्रात आली. डॉक्टर अरांदा बाईंनी घाई न करता सगळं ऐकून घेतलं.

"आवाज कधी थांबतील?" ओफेलियानं विचारलं.

"आज सांगता येणार नाही. पण औषध, बोलणं आणि घरच्यांची साथ यांनी पुष्कळांना आराम पडतो. लवकर आलात हे चांगलं केलंत. एक औषध लागू पडलं नाही तर बदलू."

बाहेर पडताना ओफेलिया पुटपुटली, "ही तर खात्रीच देत नाही."

"म्हणून तर हिच्याकडे येणार. चुकलं तर बदलू म्हणाली ती. ब्रदर असं कधी म्हणाला?"

समोरून शेजारीण चायो येत होती. ओफेलियानं मान वळवली. मारिसेला थांबली.

"चायोमावशी, मी इथे उपचार घेते. हा आजार आहे, शाप नाही. तुमच्या ओळखीत कुणाला आवाज ऐकू येत असतील, तर त्याला कुणा ब्रदरपुढे उभं करू नका. त्याचं ऐकून घ्या, आणि इथे घेऊन या."