वाटणीत आलेला कीबोर्ड

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझ्या गोष्टीचा शेवट गोड आहे. म्हणजे मध्येच तुमच्या जिवाला घोर नको. मी एक वायरलेस कीबोर्ड आहे. वयानं बराच जुना आहे. माझ्या अंगावरची दोनचार अक्षरं पुसली गेली आहेत आणि स्पेसबार दाबला की एका बाजूनं कुरकुरतो. पण सध्या मी वडगाव मावळच्या एका दुकानात टेबलावर ऐसपैस पसरलो आहे आणि मला फार हायसं वाटतं आहे. कारण माझ्यापायी एक भाऊ आपल्या सख्ख्या भावाविरुद्ध पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला निघाला होता, आणि ते टळलं.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला हे मला आठवत नाही, कारण तेव्हा माझ्यात सेल नव्हते. खोक्यात आम्ही तिघं होतो. मी, माऊस आणि बोटाच्या नखाएवढा एक रिसीव्हर. मी आणि माऊस बोलतो आणि रिसीव्हर ऐकतो. त्याला कॉम्प्युटरमध्ये खोचावं लागतं. तो नसेल तर आम्ही दोघांनी कितीही आरडाओरडा केला तरी कॉम्प्युटरला ढिम्म कळत नाही. आमच्यातला कर्ता माणूस खरं तर तोच, पण एकदा पाठीमागे जाऊन बसला की त्याची कुणाला आठवण राहत नाही.

मला विकत घेतलं ते अजीमभाई आणि त्यांचे धाकटे भाऊ नवाजभाई यांनी. त्यांचे वडील महंमद यांनी चालू केलेला मंडपाचा धंदा दोघं मिळून चालवत होते. खुर्च्या, कनाती, मोठाली पातेली, लग्नातल्या नवरानवरीच्या झगमगीत खुर्च्या, सगळं त्यांच्याकडे भाड्यानं मिळायचं. दुकानदाराचा माणूस मला बसवून द्यायला आला. त्यानं रिसीव्हर कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला खोचला, आमच्यात सेल घातले, पोटाखालची बटणं सरकवली आणि म्हणाला, झालं. भावांनी त्याला आग्रहानं चहा पाजला. पण तो कॉम्प्युटरच्या मागे वाकून काय करत होता, ते दोघांपैकी एकानंही पाहिलं नाही.

ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. अजीमभाई दोन बोटांनी माझ्यावर बुकिंग टाइप करायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मला उचलून दाखवायचे. "वायरची कटकट न्हाई. मांडीवर घ्या न्हाईतर खाटंवर, कुटंबी चालतो." माझी छाती भरून यायची. नवाजभाईंची मुलगी रुमाईसा तेव्हा जेमतेम बोलू लागली होती. अजीमभाई तिला मांडीवर बसवून तिचं बोट धरायचे आणि माझ्यावर तिच्या नावाची अक्षरं दाबायला लावायचे. ती त्यांना बडे अब्बा म्हणायची. तिचं बोट इतकं हलकं होतं की कधीकधी अक्षर उमटायचंच नाही, मग दोघं पुन्हा दाबायचे.

दोनतीन वर्षांनी डीजेचं निघालं. नवाजभाईंना डीजे आणि रोषणाईचा मोठा पडदा घ्यायचा होता. अजीमभाई म्हणाले, अब्बांच्या मंडपात डीजे वाजणार नाही. शब्दानं शब्द वाढला. असं म्हणतात की भांडण टेबलावर झालं तर टेबलावरच्या वस्तूंना आधी कळतं. मला तर त्या दिवशी दोन वेळा हाताचा फटका बसला. शेवटी वाटणी करायची ठरली.

काय काय वाटलं म्हणून सांगू? खुर्च्या वाटल्या, पातेली वाटली, नवरानवरीच्या खुर्च्यांची जोडीसुद्धा फोडली. नवऱ्याची खुर्ची एकाकडे आणि नवरीची दुसऱ्याकडे! कॉम्प्युटर अजीमभाईंना मिळाला. माऊस त्याला चिकटून पडला होता, तो तिकडेच राहिला. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतो. नवाजभाई म्हणाले, "हा मी घेतो. लॅपटॉपला लागंल मला." मला वायर असती तर ओढताना तरी कुणाच्या लक्षात आलं असतं की हा त्या कॉम्प्युटरचा आहे. मला वायर नाही, हीच तर माझी फुशारकी होती.

दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. एका दुकानाची दोन दुकानं झाली. अजीमभाईंनी वायरवाला साधा कीबोर्ड आणला. माऊस त्यांच्याकडे व्यवस्थित चालत होता, त्यामुळे मागचा रिसीव्हर काढून बघायचं त्यांना काहीच कारण नव्हतं. इकडे नवाजभाईंनी मला लॅपटॉपसमोर ठेवलं. नवे सेल घातले, बटण बंद करून पुन्हा चालू केलं, माझा दिवा लागला. "दिवा तर लागतोय, मग चालंना का?" असं म्हणत त्यांनी मोबाईलवर ब्लूटूथ चालू करून मला शोधलं. मी तसा नाही हो, मी रिसीव्हरवाला आहे, असं मी किती वेळा मनात ओरडलो. शेवटी त्यांनी मला उलटं करून पाठीत दोन धपाटे घातले आणि जाहीर केलं, "मेला हा."

मी भंगारात जाणारच होतो, पण त्यांच्या पत्नी नुसरत म्हणाल्या, "टाकू नका. रुमाईसाला खेळायला व्हईल." झालं. कालपर्यंत लग्नांची बुकिंगं घेणारा मी खेळणं झालो. मला अपमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण रुमाईसा माझ्याशी फार मन लावून खेळायची. आता ती शाळेत जाऊ लागली होती. शाळा सुटली की वडिलांच्या दुकानात बसायची, समोर खोक्याचा कॉम्प्युटर मांडायची, रिकामी मूठ कानाला लावायची आणि हुबेहूब अजीमभाईंच्या आवाजात बोलायची. "हॅलो, कुठली तारीख? मंडप किती मोठा?" आणि माझ्यावर धडाधड बोटं चालवायची.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. मी मेलो नव्हतो. माझ्यात नवे सेल होते आणि माझा रिसीव्हर प्लायवूडपलीकडे चार हातांवर जागा होता. रुमाईसा जे जे दाबत होती ते सगळं भिंतीतून पार होऊन अजीमभाईंच्या पडद्यावर उमटत होतं. मला ते कळत होतं, पण कीबोर्डला स्वतःहून एक अक्षरही बोलता येत नाही. कुणीतरी दाबावं लागतं.

पलीकडचा गोंधळ मला नुसता ऐकू यायचा, बाकीचं सगळं नंतर माऊसनं सांगितलं. अजीमभाई बुकिंगचं पान उघडं ठेवून गिऱ्हाइकाशी बोलायला उठले, की परत येईपर्यंत नावाच्या जागी भलतंच काहीतरी झालेलं असायचं. त्यांनी तळेगावहून सुहास नावाच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "व्हायरस आहे." त्यानं कॉम्प्युटर पुसून पुन्हा सगळं भरलं. फरक पडला नाही. मग त्यानं इंटरनेट काढून ठेवलं, पासवर्ड बदलला, नवा कीबोर्डही बदलून पाहिला. रिसीव्हरकडे त्याचं लक्ष गेलं, पण तो माऊसचा म्हणून त्यानं तसाच ठेवला. शेवटी तो म्हणाला, "अजीमभाई, कोणीतरी मुद्दाम करतंय. तुमच्या धंद्याची माहिती असलेलं कोण आहे?"

अजीमभाईंनी प्लायवूडकडे पाहिलं. त्या दिवसापासून ते रेडिओ मोठ्यानं लावून बसू लागले. भावाचा आवाजही कानावर पडायला नको, म्हणून.

आणि मग इंदुरीचे श्रीपती आबा आले. ते दारातूनच कडाडले, "अजीमभाऊ, उद्या पोरीची हळद हाये आन दारात येक बांबू न्हाई! पावण्यांना काय उनात बसवायचं?" अजीमभाईंनी घाईघाईनं पान उघडलं. इंदुरीच्या जागी नुसत्या अक्षरांचा काला झाला होता. ते हादरले. "आबा, माझं समदं सामान तळेगावला गुतलंय. मला वाटलं, उद्या कुणाचं बुकिंगच न्हाई." आबा मटकन पायरीवर बसले. वडिलांच्या वेळेपासून दुकानानं कुणाचा मांडव चुकवला नव्हता. अजीमभाई ताडकन उठले. "ह्यो नवाजचाच उद्योग हाये. आता बास झालं. ठाण्यातच जातो."

"सख्ख्या भावावर केस?" आबा म्हणाले. "इचार करा अजीमभाऊ. येकदा लिवलं की पुसलं जात न्हाई."

माझ्यावर दाबल्या गेलेल्या अक्षरांमुळे हे घर कायमचं तुटणार होतं आणि मी इकडे एका लहान मुलीच्या मांडीवर गप्प पडून होतो.

जायच्या तयारीनं अजीमभाईंनी रेडिओ बंद केला. पुरावा म्हणून पडद्याचा फोटो घ्यावा, म्हणून ते मोबाईल घेऊन पडद्यावर वाकले. त्याच वेळी इकडे रुमाईसा अभ्यासाला बसली होती. घरातल्या माणसांची नावं इंग्रजीत लिहून आणा, असं शाळेत सांगितलं होतं. वहीत लिहिण्याआधी ती माझ्यावर सराव करत होती, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणून. "एन, ए, डब्ल्यू, ए, झेड. नवाज. झालं!" मग तिनं आईचं नाव घेतलं. मग स्वतःचं. आर, यू, एम, ए, आय, एस, ए.

अजीमभाई फोटो काढायचे थांबले. प्लायवूडपलीकडून अक्षर ऐकू येत होतं आणि तेच अक्षर पडद्यावर उमटत होतं.

"अब्बा," रुमाईसानं विचारलं, "बडे अब्बाचं नाव पण टाकायचं का? टीचर म्हणल्या, फक्त घरातली माणसं."

नवाजभाई कनातीची घडी घालत होते. त्यांचे हात थांबले. मला वाटलं, ते तिला गप्प बस म्हणतील. पण ते म्हणाले, "टाक की. त्यो काय बाहेरचा हाये का? ए, झेड, आय, एम. टाक."

तिनं दाबलं. माझ्या आयुष्यात मी हजारो नावं लिहिली आहेत, पण त्या चार अक्षरांना मी जिवाच्या आकांतानं हाक दिली.

थोड्याच वेळात अजीमभाई आमच्या दारात उभे होते. वाटणीनंतर त्यांचं पाऊल तिथं पहिल्यांदाच पडलं होतं. डोळे लाल झाले होते. म्हणाले, "नवाज, आत्ता पोरीनं माझं नाव लिवलं ना?"

"तुला कसं कळलं?"

"माझ्या कॉम्प्युटरवर आलंय."

नवाजभाईंचा विश्वास बसेना. मग जे सुरू झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. एक भाऊ इकडे, एक तिकडे आणि मध्ये प्लायवूड. नवाजभाई माझं एक बटण दाबून ओरडायचे, "आलं का?" तिकडून उत्तर यायचं, "आलं!" पुन्हा, "आता?" "आलं, आलं!" इतक्या महिन्यांनी दोघं भाऊ बोलत होते आणि बोलणं काय, तर आलं का आणि आलं. मग अजीमभाईंनी कॉम्प्युटरच्या मागे हात घालून जे हाताला लागलं ते उपसून काढलं. "आता?" "न्हाई आलं!" पुन्हा खोचलं. "आलं!"

"तुमचं आलं आन न्हाई आलं झालं असंल," पायरीवरून श्रीपती आबा ओरडले, "तर माज्या मांडवाचं बगा की!"

नवाजभाईंनी तो नखाएवढा रिसीव्हर तळहातावर घेऊन पाहिला. "ह्याच्यापायी तू मला ठाण्यात न्हेणार व्हतास?"

"व्हय," अजीमभाई म्हणाले. "चुकलो मी. माफ कर मला."

"मी बी चुकलो, भाई. ह्यो चालंना तवा पहिलं तुलाच इचारायला पायजे व्हतं. उंबरा वलांडला न्हाई मी."

रुमाईसा मात्र रडवेली झाली होती. आपल्या खेळामुळे आबांचा मांडव गेला, हे तिला कळलं होतं. अजीमभाईंनी तिला उचलून घेतलं आणि म्हणाले, "तुझं काय चुकलं, बाळा? तू एवढे दिवस बुकिंग घेत व्हतीस, आमालाच वाचता आलं न्हाई." तेव्हा कुठे ती हसली आणि माझ्या जिवात जीव आला.

नवाजभाईंच्या वाट्याचे बांबू आणि कनाती त्याच दुपारी टेम्पोत चढल्या. दोघं भाऊ पुढे बसून इंदुरीला गेले. दुसऱ्या दिवशी हळद सावलीत लागली. आबांनी दोघांनाही जेवल्याशिवाय सोडलं नाही. डीजेचं भांडण अजून मिटलेलं नाही बरं का! फक्त आता ते समोरासमोर बसून भांडतात. मी परत माझ्या माऊसशेजारी आलो आहे.

मित्रांनो, आमची काळजी घेणं काही अवघड नाही. सेल संपले तर बदला. कॉम्प्युटरपासून फार लांब नेऊ नका. घर बदलताना, दुकान बदलताना आमचा रिसीव्हर आठवणीनं बरोबर घ्या. आणि एखाद्या दिवशी आमच्याकडून काहीच उत्तर आलं नाही, तर लगेच मेला म्हणू नका, पाठीत धपाटे घालू नका. उठा आणि पलीकडे जाऊन विचारा. तुम्ही लिहिलेलं कदाचित तिकडे पोचत असेल.