माझं दुसरं टोक कुणाच्या हाती?

मी दोर बोलतोय. कपडे वाळत घालायचा नव्हे हं, कडा चढायचा! जरा भरभर बोलेन, चालवून घ्या. आठवडाभर कपाटात वेटोळं करून कोंबल्यावर तुमचं तरी डोकं ठिकाणावर राहील का?

माझा जन्म कारखान्यातला. आत पांढऱ्या धाग्यांचा पीळ, वर निळी-केशरी वीण. दुकानात टांगलेलो असताना वाटायचं, आता मोठमोठी शिखरं सर करणार. आणि पडलो कुणाच्या पदरात? तर एका शिंप्याच्या! पण माणूस लाख मोलाचा. पोरं त्यांना शिंपीकाका म्हणतात. दर रविवारी ते गल्लीतल्या मुलामुलींना गावाबाहेरच्या कड्यावर नेतात, चढायला शिकवतात. फी नाही, पगार नाही. निघण्याआधी मला वीत वीत बोटांतून फिरवतात, शिवण तपासावी तसं.

माझं काम सोपं. कड्यावरच्या कडीतून मी खाली येतो. एक टोक चढणाऱ्या मुलाच्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं खाली उभ्या मोठ्या माणसाच्या हातात. आणि शेजारी लक्ष ठेवायला आणखी एक मोठं माणूस हवंच, हा काकांचा नियम. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी पोर वर पोचली की असं काही ओरडते की मीसुद्धा शहारतो! ते ऐकायला मी आठवडाभर तळमळत असतो.

आईबापांच्या तऱ्हा मात्र विचारू नका. "काका, दुपारपर्यंत सांभाळाल ना? घरी पाहुणे आहेत," म्हणणाऱ्या ताई आहेत. "फुकट आहे म्हणजे धड असेल का?" म्हणणारे साहेबही आहेत. मदतीला या म्हटलं की सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

पूर्वी काकांच्या जोडीला बरेच जण होते. नर्सताईंची बदली झाली. पोस्टमनच्या गुडघ्यांनी दगा दिला. शेवटी उरला वायरमन, तर त्याला रविवारची पाळी लागली. भांडण कुणाशीच झालं नाही, पण माणसं गळत गेली.

मग तो रविवार आला. पोरं पट्टे बांधून तयार, मी कडीत ओवलेला आणि मोठं माणूस म्हणून एकटे काका. "काका, मी धरते ना! मला येतं," पोरांतली सगळ्यात मोठी मुलगी म्हणाली. काकांनी मला उचललं, तिच्याकडे पाहिलं. मी मनात म्हणत होतो, द्या हो तिच्या हातात, नाहीतर ही पोरं पुन्हा येणार नाहीत! पण काकांनी मला सरसर खाली ओढून घेतलं. "नाही म्हणजे नाही. चला घरी." धाकटी पोरं वाटभर रडली.

घरी काका शिलाई मशीनवर डोकं टेकून बसले. "आता बंदच करतो," म्हणाले. "साऱ्या जगाच्या पाया पडून झालं."

काकू शर्टाला काजं करत होत्या. दर रविवारची त्यांची कुरकुर मी ऐकलेली, नवरा असून नसल्यासारखा म्हणून. मला वाटलं, आता म्हणतील, सुटले बाई एकदाची! तर त्यांनी सुई खाली ठेवली. "साऱ्या जगाला विचारलंत. मला विचारलंत का कधी?"

काकांनी डोकं वर केलं आणि माझं एक टोक काकूंच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवसापासून जिन्याच्या कठड्यावर आमची शिकवणी सुरू झाली. मला कपड्यांच्या गठ्ठ्याला बांधायचं, काकांनी गठ्ठा वरून सोडायचा, काकूंनी मला धरायचं. कितीदा तरी गठ्ठा धपकन आपटला. "याच्या जागी पोर असतं तर?" काका ओरडायचे. काकू दात-ओठ खाऊन पुन्हा उभ्या राहायच्या. हळूहळू गठ्ठा आपटायचा थांबला.

आज आम्ही सगळे कड्यावर आलोय. वायरमनही आजच्यापुरती पाळी बदलून काकूंशेजारी उभा आहे. पोरांची चुळबुळ चाललीय, पण काका म्हणाले, "आधी हिला माझं वजन घेऊन बघू दे." गेली कित्येक वर्षं हा माणूस सगळ्यांना धरतोय. त्याला धरायला कुणी उरलंच नव्हतं.

बाबांनो, मी झिजलो तर नवा दोर मिळेल. काका-काकू थकले तर माणसं कुठून आणायची? एखादा रविवार असेल ना तुमच्याकडे? येईन म्हणून नुसतं सांगू नका. या.

काका पुरुषभर उंच चढलेत. आता दगड सोडून मागे रेलायचं, सगळा भार माझ्यावर टाकायचा. पण त्यांची बोटं दगडावरून सुटत नाहीत.

"धरलंस ना गं?"

काकूंनी मला आणखी घट्ट आवळलं.

"अहो, इतकी वर्षं दुसरं काय केलं? सोडा आता हात!"