तीन किलोंचा आळ

मी या घरातला वजनकाटा. न्हाणीघराच्या दाराशी भिंतीला टेकून असतो. माझ्यावर चढताना प्रत्येक जण पोट आत ओढतो, जणू मी पोटच बघतो. मला फक्त भार कळतो.

मला आणलं बाबांसाठी. बाबा शिंपी, बारा वर्षांपासून मधुमेही. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे घरातल्या आईंनी, विडाच उचलला. दर रविवारी अंघोळीआधी बाबा माझ्यावर उभे राहत, आई चष्मा लावून वाकत. वर्षभरात नऊ किलो उतरले. "आमचे हे आता अगदी नवरदेव दिसतात!" आई शेजारणींना सांगत. तेव्हा दोनच महिन्यांपूर्वी घरात आलेली सून हसू दाबत आत जाई.

डॉक्टरांनी लघवीची तपासणीही लिहून दिली होती. "साखर आटोक्यात, वजन आटोक्यात, मग कशाला उगीच?" म्हणत आईंनी ती चिठ्ठी कपाटात ठेवली.

मग एका रविवारी मी एक किलो जास्त दाखवला. पुढच्या रविवारी आणखी एक. तिसऱ्यालाही तेच.

"दुकानात बसून काय हादडता हो?"

"काही नाही गं, तुझ्या गळ्याची शप्पथ. हल्ली भूकच लागत नाही."

"मग हे तीन किलो काय हवेतून आले? काटा खोटं बोलतो?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, चहाडखोराकडे पाहावं तसं.

त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. "भूक लागली तर पाणी प्या," म्हणून आई बाटल्या भरून देऊ लागल्या. माझा आकडा चढतच राहिला.

सुनेला मात्र मोज्यांचे खोल वळ दिसले. "आई, बाबांच्या पायांना सूज वाटतेय. बोटानं दाबलं तर खड्डा राहतो."

"तू कालची आलेली. मी तीस वर्षं ओळखते यांना. चोरून खाण्यात पटाईत!"

नव्या सुनेनं एकदाच बोलायचं असतं. मला तर तोंडच नाही.

सातव्या आठवड्यात बाबांना आडवं पडलं की धाप लागू लागली. इस्पितळात कळलं, मूत्रपिंडं निकामी होत आली होती. मी दाखवलेले जास्तीचे किलो सगळे पाण्याचे. बाबांनी चोरून एक घासही खाल्ला नव्हता.

आता आठवड्यातून तीनदा डायालिसिस. जाताना मी लागतो, आल्यावरही मी लागतो. पाणी कपानं मोजून मिळतं. आई वाकत नाहीत, आकडा सून वाचते.

तुमच्या घरी मधुमेहाचं माणूस असेल तर त्याला माझ्यावर जरूर उभं करा. पण माझ्या भरवशावर कुणाला चोर ठरवू नका आणि मूत्रपिंडांचा बिघाड आधीच सांगणारी ती लघवीची तपासणी टाळू नका. मी किलो सांगतो. कशाचे, ते मला माहीत नसतं.

आज सकाळी बाबा पुन्हा चढले.

"किती गं?"

"परवापेक्षा अडीच जास्त, बाबा."

"काल दोन कप पाणी चोरून प्यालो," ते आईंकडे बघत म्हणाले. "रागाव की आता."

आईंनी खाली बसून त्यांचे मोजे चढवले.