चोवीस इंच इंग्रजी

मी पुठ्ठा बोलतोय. नवा शर्ट घडी करून देताना आत घालतात ना, तो. गिऱ्हाईक घरी पोचलं की आधी मला केरात टाकतं, त्यामुळे आम्हाला मोठेपणाची हौस मुळातच नसते. माझ्यावर एक इंग्रजी शब्द येऊन बसला आणि तिथून सगळं बिनसलं.

मला एका शिंप्यानं कापलं. त्याच्या मुलीला परदेशात जाऊन कापडाचं शास्त्र शिकायचं होतं. विद्यापीठ फी माफ करणार होतं, पण त्यासाठी इंग्रजीची एक परीक्षा होती आणि संधी त्या एकाच वर्षी. त्या परीक्षेत असले शब्द विचारतात, जे बोलताना कुणाच्या तोंडून कधी बाहेर पडत नाहीत. बापानं शर्टांच्या पुठ्ठ्यांचे पत्त्यांएवढे हजार तुकडे कापले, एकाचीही कड तिरकी नाही. मुलीनं एका बाजूला शब्द लिहिला, दुसरीकडे अर्थ. माझ्या वाट्याला 'परफंक्टरी' आला. म्हणजे उरकायचं म्हणून उरकलेलं.

दुकानात रिळांचे दोन लांबट खोके होते. न येणारे शब्द एकात उभे करायचे, येणारे दुसऱ्यात. बापाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, माप मात्र घेता येत होतं. रोज दुपारी डबा उघडण्याआधी तो गळ्यातली टेप काढून येणाऱ्या शब्दांना लावायचा.

"साडेआठ. काल आठ होतं," तो कारागिराला सांगायचा. "अर्धा इंच इंग्रजी वाढलं पोरीचं."

त्या दिवशी दोन घास जास्त जायचे.

मुलगी काज-बटणं करता करता आम्हाला समोर उभं करून पाठ करायची. मला तिनं तीनदा उचललं, तीनदा चुकली, तीनदा मुकाट परत ठेवलं. मला राग आला नाही. ओळखत नसलं तर तसं कबूल करणारी माणसं मला आवडतात.

मग एका शाळेचे गणवेश शिवायला आले आणि तिला मान वर करायला उसंत मिळेना. चार दिवस माप साडेआठावरच अडलं. बाप टेप गुंडाळून नुसतं "हं" म्हणायचा आणि डबा अर्धा ठेवायचा. ते "हं" तिला सोसेना. पाचव्या दिवशी तो कापड आणायला गेला असताना तिनं दोन्ही हातांत मावतील तेवढे आम्ही उचलले आणि न वाचताच पलीकडे ठेवले. त्यात मी होतो. माझा अर्थ मला तेव्हा नीट कळला.

"अकरा इंच," बाप म्हणाला. "बघितलंस?"

तिनं मान हलवली. पुढं ते अंगवळणी पडलं. परीक्षेपर्यंत चोवीस इंच भरले आणि रिकाम्या खोक्यात बापानं पुन्हा रिळं भरली.

अकरा गुण कमी पडले. जागा गेली. मी दोन नंबरच्याच प्रश्नात होतो म्हणे. "चेहरा ओळखीचा वाटला गं, अर्थच आठवेना," असं ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती.

बापानं परीक्षेलाच लबाड ठरवलं. येईल त्या गिऱ्हाइकाला खोका दाखवायचा. "दोन फूट इंग्रजी येत होतं माझ्या मुलीला." ती खाली मान घालून मशीन चालवायची. बाप बाहेर गेला की मात्र खोका ओढायची आणि पहिल्या शब्दापासून आम्हाला खरंखुरं पाठ करायची. आता तिला मी येतो. सगळे येतात. कशासाठी, ते मला विचारू नका.

परवा एक गिऱ्हाईक गेल्यावर तिला राहवलं नाही.

"बाबा, लोकांना असं सांगत जाऊ नका. त्यातले निम्मे मला येत नव्हते. नुसतेच सरकवले होते मी."

बाप सुईत दोरा ओवत होता. ओवून झाल्यावर म्हणाला, "माहीत आहे."

"कसं?"

"एका दिवसात अडीच इंच काही वाढत नसतं. तीस वर्षं मापं घेतोय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"आकडा बघून बरं वाटायचं गं."

दुपारी डबा उघडताना त्याचा हात सवयीनं टेपकडे गेला. ती बघतेय हे दिसल्यावर त्यानं तो खाली घेतला.

माझं एवढंच मागणं आहे. मला एखाद्या शर्टात घाला. तिथून केरात गेलो तरी चालेल, पण त्या दोघांच्या मधल्या या खोक्यातून मला बाहेर काढा.