मापाचे बूट

कोराडी रस्त्यावरच्या त्या वर्कशॉपात काजल ही पहिलीच बाई वेल्डर. तिचं काम साफ होतं, त्यामुळे त्यावर कोणी बोट ठेवलं नाही. अडचण आली ती पायात. स्टोअरकीपर अंकुशने तिला आठ नंबरचे सेफ्टी शूज दिले. याहून लहान येतच नाहीत, इथे सगळ्यांना सारखंच मिळतं, असं तो म्हणाला, आणि त्याच्या लेखी तो न्यायच होता.

काजलचा पाय पाच नंबरचा. आत चिंध्या कोंबून ती कामाला लागली. एका दुपारी लोखंडी जिना उतरताना बूट वरच्या पायरीवर राहिला नि पाय पुढे गेला. कठडा हाती लागला म्हणून वाचली. खाली फिटर रुपराव उभे होते. ते तिच्याशी आजवर चकार शब्द बोलले नव्हते. बाईमाणूस इथे आलेलं त्यांना खपत नसणार, अशी तिची पक्की समजूत.

त्यांनी तिला कूलरमागे बोलावलं. आता बोलणी खायची, या तयारीने ती गेली. पण रुपरावांनी खाली बसून स्वतःचाच बूट काढला. पायात एकावर एक जाड मोजे होते आणि बुटातून स्पंजचा तुकडा निघाला.

“माहा पायही लहानच हाये वं पोरी,” ते हळूच म्हणाले. “सांगतलं असतं तं सारे हासले असते. म्हणून असाच चालून राहिलो.”

काजलला हसू आवरेना. मग तेही हसले.

“आता दोघं मिळून सांगू ना काका. एकटीले हासतील, दोघाईले किती हासतील?”

दोघं मॅनेजर श्वेता मॅडमकडे गेले. मॅडमने अंकुशलाच सगळ्यांचे पाय मोजायला बसवलं. तेव्हा कळलं, कोणाचा अंगठा दबत होता, कोणाची टाच सोलवटत होती, आणि खुद्द अंकुशचे बूट त्याला चावत होते.

नवे बूट आले त्या दिवशी रुपराव शेडभर उगाचच फिरले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बाकावर सरकून काजलला जागा केली, झुणक्याचा डबा पुढे ढकलला. मग हातमोज्यांच्या मापावरून वाद रंगला, आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज काजलचा होता.