सहाशे बारा वाक्यांची राखण

मी बोलतेय, टेबलाच्या दुसऱ्या खणातून. मी एक हार्डडिस्क. तळहाताएवढी, काळी, एका कोपऱ्याला पोचा गेलेली. पोचा कसा गेला ते विचारू नका, घरातली तीन माणसं तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

माझा जन्म अशा खोलीत झाला जिथे धुळीच्या कणालाही आत यायला मनाई होती. माझ्या पोटात एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावरून केसाहूनही कमी अंतर राखून एक काटा सरकतो. इतक्या नाजूक जागी माणसं आयुष्यभराचं सामान ठेवतात आणि मला टेबलाच्या अगदी कडेला, भरल्या कपाशेजारी सोडून निघून जातात. मग माझा स्वभाव संशयी होणार नाही तर काय होईल?

पहिले काही महिने मी एका दुकानातल्या काचेच्या कपाटात काढले. तिथे माणसं मला नीट कळली. चपला घेताना माणूस तीन जोड पायात घालतो, दुकानभर चालून बघतो, टाच दाबतो. पण तीस वर्षांचे फोटो ज्यात ठेवायचे ती वस्तू मात्र रंग बघून उचलतो. प्रश्न एकच, यात किती मावतं? किती दिवस टिकतं, पडली तर काय होतं, बंद पडायच्या आधी काही कळतं का, हे कोणी विचारायचं नाही. मला राग यायचा. अजून येतो.

आणि मग एक दिवस ती आली. नकाशे काढण्याचं काम करणारी, बोटांना शाई, खांद्यावर लांब नळकांडं. तिने दुकानदाराला बेजार केलं. यातली फिरणारी कोणती, न फिरणारी कोणती, वर्षभर खणात पडून राहिली तर कोणती विसरते, तार खराब झाली तर दुसरी चालते का. शेवटी तिने विचारलं की हातातून सुटली तर काय होईल. दुकानदार वैतागून म्हणाला, "मॅडम, सोडायची कशाला हातातून?"

"माझ्या बाबांचा आवाज ठेवायचाय यात," ती म्हणाली.

दुकानदाराने हातातलं खोकं खाली ठेवलं. मग त्याने खरं ते सांगितलं, जे त्याने आधीच सांगायला हवं होतं: कोणतीही घ्या, पण दोन घ्या. मात्र त्या दिवशी माझ्यासारखी एकच शिल्लक होती. दुसरी पुढच्या महिन्यात घेऊ, असं म्हणून तिने मला पिशवीत टाकलं. एवढी चौकस मुलगी, पण तिचाही तो पुढचा महिना काही आला नाही.

घरी आल्यावर सगळं कळलं. तिच्या बाबांच्या घशात गाठ होती. महिन्याभराने शस्त्रक्रिया होती आणि त्यात स्वरयंत्र काढावं लागणार होतं. आवाज जाणार, कायमचा. पण दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक बाई होती, तिने एक वाट दाखवली. आत्ताच वाक्यं वाचून ठेवा. निदान तीनशे स्वच्छ वाक्यं असली तर त्यांवरून एक यंत्र तयार करता येतं. मग बाबा बोटांनी लिहितील आणि यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल.

बाबा एका कारखान्यात छत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. तिथे त्यांना सगळे पाठीमागे कुलूप म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आवडतही होतं. त्यांचा कोणावर म्हणजे कोणावर विश्वास नव्हता. दूधवाल्याने माप दिलं की ते घरच्या मापाने पुन्हा मोजायचे. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला.

रोज सकाळी, नाश्ता झाला की ते खिडक्या बंद करून माइकपुढे बसायचे. वाक्यं विचित्र होती. 'पिवळ्या पिशवीत पाच पेरू आहेत.' 'झाडाखाली कोण उभं आहे?' आई मध्येच डोकावून म्हणायची, इतक्या वर्षांत माझ्याशी एवढं गोड कधी बोलला नाहीत. बाबा माइक बंद करून सांगायचे, तू यादीत नाहीस. मग एक दिवस त्यांनी यादीबाहेरचीही बारा वाक्यं वाचली. ती मी सांगणार नाही. त्यातली बरीचशी आईच्या नावाने होती.

एकूण सहाशे बारा. एकेक वाक्य माझ्या तबकडीवर उतरलं. माझ्यावर आणखीही बरंच होतं, जुने फोटो, सिनेमे, नातलगांचे समारंभ, पण राखण मी त्या सहाशे बारांचीच करत होते.

शस्त्रक्रियेला आठवडा उरला असताना जावई आला. भला माणूस, हसतमुख, पण घाईचा. त्याने बाबांच्या हातावर एक पेनड्राइव्ह ठेवला, नखापेक्षा थोडा मोठा, चकचकीत. म्हणाला, "बाबा, ही अवजड पेटी आता कशाला? याच्यात दुप्पट मावतं."

आम्हा दोघांना एकाच वेळी संगणकाला जोडलं तेव्हाच मला वास आला. मी सामान देत होते आणि तो घेत होता, घेतच होता. एकदाही थांबला नाही, एकदाही कुरकुरला नाही. मला साधी गोष्ट ठाऊक आहे, ज्याला खरंच पोट असतं त्याला जड होतं. जुने फोटो त्याने खरोखर ठेवले. त्यानंतर त्याचं पोट भरलं, पण त्याने ते सांगितलं नाही. खोट्या मापाची वस्तू होती ती. आत इवलीशी जागा आणि संगणकाला सांगायला भलामोठा आकडा. पुढच्या प्रत्येक फाइलचं फक्त नाव लिहून घ्यायचा आणि म्हणायचा, मिळालं. बाबांच्या आवाजाचं फोल्डर सगळ्यात नवं, म्हणून सगळ्यात शेवटी गेलं.

मी काय करणार? माझा दिवा लुकलुकतो, एवढंच मला बोलता येतं.

मला आशा होती ती कुलपाची. ज्या माणसाने दूधवाल्याला सोडलं नाही तो याला कसा सोडेल? आणि त्यांनी तपासलंही. चष्मा लावला, कागद घेतला, माझ्यावरची नावं मोजली, त्याच्यावरची नावं मोजली. इकडे सहाशे बारा, तिकडे सहाशे बारा. कागदावर बरोबरची खूण केली.

इथेच चूक झाली, आणि ही चूक करायला स्टोअरकीपरच हवा. माल आला की खोकी मोजायची, नग पावतीशी जुळवायचे, सील फोडायचं नाही. फोडलेलं खोकं परत जात नाही. छत्तीस वर्षं त्यांनी असंच केलं होतं. सहाशे बारापैकी एक जरी वाक्य त्यांनी उघडून ऐकलं असतं तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. पण स्वतःचा आवाज ऐकायची त्यांची त्या आठवड्यात हिंमत नव्हती. हे ते कोणाला बोलले नाहीत. मला दिसलं, कारण त्यांचा हात दोनदा तिथे गेला आणि दोनदा मागे आला.

पुढे त्यांचा दुसरा नियम. एकच माल दोन रॅकवर दिसला की त्यातला एक कोणीतरी गुपचूप बाहेर काढणार, हे त्यांचं पक्कं मत. म्हणून त्यांनी माझ्यावरचं सगळं खोडलं. कचऱ्याचा डबाही रिकामा केला.

तुम्हाला वाटेल, तिथे संपलं. नाही. खोडलं म्हणजे फक्त माझी यादी फाडली जाते. माल तिथेच असतो, त्याच्यावर दुसरा माल येऊन पडेपर्यंत. मी श्वास रोखून तशीच राहिले. वाटलं, आता मला कोणी हात लावू नये.

दोन दिवसांनी आईचा फोन भरला. आई शिवणवर्ग चालवते, विद्यार्थिनींसाठी व्हिडिओ काढते. बाबांनी ते सगळे माझ्यावर उतरवले. रिकामी डिस्क वाया का घालवायची? बाही कशी बेतायची, बाही कशी जोडायची, चुकलेली बाही कशी उसवायची. आई बोलत होती आणि तिच्या प्रत्येक शब्दाखाली बाबांचं एकेक वाक्य गाडलं जात होतं.

शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ निघाली. आवाजही गेला.

पंधरा दिवसांनी मुलीने पेनड्राइव्ह दवाखान्यातल्या बाईंकडे नेला. सहाशे बारा नावं, आणि एकाही नावामागे आवाज नाही. घरी आल्यावर जे झालं ते मी खणातून ऐकलं. तिने नवऱ्याला विचारलं, कुठून आणला. तो म्हणाला, खोक्यावर तसं लिहिलं होतं. ती म्हणाली, खोक्यावर काहीही लिहिता येतं. इतक्यात बाबांनी लिहून बोलायची पाटी ओढून घेतली. मुलीने ती मोठ्याने वाचली, "मी मोजले होते. ६१२."

पुढचे काही दिवस घरात प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय. बाबांना जावयाचा, मुलीला बाबांचा, आईला त्या दवाखान्याचा. जावई यायचा बंद झाला. माझा मात्र कोणाला संशयही आला नाही आणि आठवणही झाली नाही. शेवटी मुलीच्याच डोक्यात प्रकाश पडला. तिने खण उघडला, मला बाहेर काढलं आणि आईला बजावलं, हिला आता कशालाही जोडायचं नाही, बघायला म्हणूनसुद्धा नाही.

हरवलेल्या फाइली शोधणारी एक बाई होती, तिच्या खोलीत मला नेलं. तिने मला कानाशी धरून ऐकलं, असं मला कोणी कधी ऐकलं नव्हतं. मग विचारलं, "खोडल्यानंतर यात काय काय टाकलंत?"

मुलीने आईकडे पाहिलं. शेवटी आई म्हणाली, "बाह्या."

त्या बाईने मला चार दिवस चाळलं. तबकडीचा इंच न् इंच. दोनशे सत्याऐंशी वाक्यं अख्खी मिळाली. उरलेली तुटकी, नाहीतर बाह्यांखाली. आईच्या नावाची तीन शाबूत निघाली. तीनशेला तेरा कमी होती, म्हणून दवाखान्यातल्या बाई आधी नाही म्हणाल्या. मुलगी त्यांच्या दारात बसून राहिली. मग त्या म्हणाल्या, करून बघू, पण मागाहून तक्रार नको.

यंत्र घरी आलं तेव्हा मला टेबलावरच ठेवलं होतं. आवाज बाबांचाच होता, पण काही अक्षरांवर घसरायचा, आणि 'सात' म्हणताना तर भलताच कोणीतरी म्हणतोय असं वाटायचं. आईने पदर तोंडाला लावला. जावयालाही बोलावून आणलं होतं. तो दाराशीच उभा होता, आत यावं की नाही अशा विचारात.

बाबांनी बराच वेळ बोटं चालवली. मग यंत्र बोललं, "बसा जावईबापू. राग नाही, संशय आहे. तो राहणारच."

जावई हसला, मग रडला, आणि बसला.

आता माझं वय झालंय. कधीकधी माझ्या पोटात टक् असा आवाज होतो, तो चांगला नाही. ती वाक्यं आता आणखी दोन ठिकाणी आहेत. एक प्रत मुलीच्या घरी, एक तिच्या कामाच्या कपाटात. दर महिन्याला ती तिन्ही जोडते आणि नावं मोजत बसत नाही, प्रत्येकातली चार वाक्यं ऐकते. बाबा शेजारी बसून ऐकतात. आता त्यांचा हात मागे येत नाही.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. कपाटात, पिशवीत, जुन्या बिलांखाली. ती ठीक असेल असं तुम्ही धरून चाललाय. कशावरून? मी तिच्याच जातीची आहे म्हणून सांगते, आम्ही बंद पडतो तेव्हा आदल्या दिवशी कळवत नाही. आज तिला जोडा. ज्याचा आवाज तुम्हाला पुन्हा मिळणार नाही त्याचं एक वाक्य उघडा आणि शेवटपर्यंत ऐका.