नीलव्वाची चिमूट

पोरीच्या टाळूला खळगा पडला होता. दोन दिवसांच्या ढाळांनी माझं आठ महिन्यांचं लेकरू सुकून गेलं होतं; रडायला तोंड उघडायचं, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं आणि आवाज फुटत नव्हता. सासूबाईंनी रांजण झाकून वर दगड ठेवला होता. ढाळ लागलेल्या लेकराला पाणी द्यायचं नाही, हा आमच्याकडचा नेम.

नीलव्वा, माझी थोरली जाऊ, तेवढ्यात रानातून आली. आषाढातलं मळकट ऊन धाब्याच्या झरोक्यातून चुलीपर्यंत उतरलं होतं. त्या उजेडात ती उभी राहिली, उंच, काळी, रानात हाका मारून मारून आवाज घोगरा झालेली. तिने पोरीकडे पाहिलं आणि रांजणावरचा दगड उचलला.

“हात लावू नगंस! पाणी दिलं की आणिक ढाळ लागंल.”

“न्हाय अत्ती,” सासूला ती माहेरच्या कानडी रीतीने अत्ती म्हणायची, “टीव्हीत डाक्टरीणबाईनं करून दावलंय.”

तिचं माहेर सरहद्दीपलीकडचं. तिथल्या शाळेच्या ओसरीवर सरकारने टीव्ही बसवला होता आणि बाहेर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी छत्री. रॉकेटाने आभाळात नेऊन ठेवलेल्या यानाकडून ती छत्री चित्रं झेलते, असं तिथल्या मास्तरांनी सांगितलेलं. वैशाखात माहेरी गेली तेव्हा रोज संध्याकाळी ती पुढे जाऊन बसायची. परत येऊन तिने हे सांगितलं, तेव्हा आमचं अख्खं वळसंग गाव हसलं. मीही हसले.

“कुटल्या तारेनं आली गं ती बाई?” पाणवठ्यावर बायका तिला विचारायच्या.

“तार न्हाय. आबाळातनं.”

“आबाळातनं पाऊस येतो, अक्कल न्हाय येत.”

“आमच्या गावात येतीया की!”

आज मात्र ती कुणाचं ऐकणार नव्हती. तिने पाणी उकळून निववलं. तीन बोटांच्या चिमटीत मीठ, मुठीत गूळ. चाखून म्हणाली, “डोळ्यातल्या पाण्याहून खारट नगं.” सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी पोर उचलून नीलव्वाच्या मांडीवर ठेवली.

ऊन चुलीवरून भिंतीवर गेलं, भिंतीवरून विझलं. तिचा चमचा थांबला नाही. दिवेलागणीला पोरीने तिचं लुगडं ओलं केलं. “आता रड,” नीलव्वा म्हणाली, आणि पोर रडली, डोळ्यांत पाणी आणून.

आठवड्याने सासूबाईंनाच ढाळ लागले. अर्धा दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, मग म्हणाल्या, “नीले, ते टीव्हीतलं पाणी कर. गूळ हात राखून घालू नगंस.”

मी चौथी शिकले, नीलव्वा अंगठाछाप. पण एवढ्या उंचावरून आलेली गोष्ट न सांडता आमच्या चुलीपर्यंत आणली ती तिने, आणि ती माझी जाऊ होती हे मी ताठ मानेने सांगते. तिला जाऊन फार वर्षं झाली. काळ माणसाचा आवाज नेतो, चेहराही पुसतो. त्या माणसाने वाचवलेली माणसं मात्र गावभर हिंडत राहतात. त्या आषाढात आमच्या घरात दोघी जगल्या: माझी शांता आणि तिची आजी.